वयाच्या माथी मारू नकोस

चि. सायलीस,


बाबा पहाटे तीनलाच जागे होतात, पेपरची घडीही मोडत नाहीत, विचारलं तर ‘पोट साफ नाही’ एवढंच म्हणतात, असं तू कळवलंस. त्यापुढे ‘वय झालं, चालायचंच’ असं लिहिलंस, ते मला पटलं नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्य असावं असं दिसलं. वयामुळेच ते येत असतं तर उरलेले नव्वदांहून अधिक टक्के त्यातून सुटले कसे? आणि निदान झाल्याचं सांगणारे होते अवघे ०.८ टक्के. दहातल्या नऊजणांचं दुखणं असं घरातच राहतं, कारण ती पिढी मनाचं दुखणं झोप, भूक आणि पोटाच्या भाषेत सांगते आणि आपण चूर्ण आणून देतो.

डॉक्टरांचं नाव काढलंस की ‘मी काय वेडा आहे?’ असं बाबा म्हणतील. वाद घालू नकोस आणि खोटं सांगून फसवून तर मुळीच नेऊ नकोस; एकदा विश्वास उडाला की दुसऱ्यांदा ते येणार नाहीत. झोपेसाठी दाखवू या, असं सांग. ते खरंच आहे. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, कारण थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच मलूल होतो. गोळ्यांची सवय लागेल ही भीती झोपेच्या काही गोळ्यांबाबत रास्त आहे. नैराश्यावरच्या औषधांची तशी चटक लागत नाही, फक्त ती मनाने बंद करायची नसतात. ‘या वयात काय फरक पडणार?’ याचं उत्तर गोव्यात मिळालं आहे. तिथे ‘संगत’ संस्थेच्या अभ्यासात नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या साठीपुढच्या लोकांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी अडचणी सोडवायला, झोपेची घडी बसवायला शिकवलं. वर्षभरात त्यांच्यातल्या सुमारे ४ टक्क्यांना नैराश्याने गाठलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. बाबांचं दुखणं कदाचित त्या उंबरठ्याच्या पुढे गेलं असेल, म्हणून तर उशीर नको.

‘आता जगून काय करायचं’ असं कधी बोलले, तर विषय बदलू नकोस. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते. मग त्यांना एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. सरकारच्या ‘टेलीमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना बाबांच्या सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ने, आणि खोलीत त्यांच्या वतीने तू बोलू नकोस. वेळ लागला तरी त्यांनाच सांगू दे.

तुझा,
मामा