लेक ग्रंथपाल व्हायचं म्हणते तेव्हा

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी ‘मला ग्रंथपाल व्हायचंय’ म्हणाली, की बऱ्याच घरांत लगेच प्रश्न येतो, ‘पुस्तकं द्यायला-घ्यायला शिकायचं कशाला?’ आईबाबांनो, तुमची काळजी मला कळते. मी याच कामात आहे, म्हणून मोकळेपणानं बोलते.

देवघेव तुम्हाला खिडकीतून दिसते, म्हणून तेवढंच काम वाटतं. खरं काम वाचक तोंड उघडतो तिथं सुरू होतं. एखादा मुलगा येऊन म्हणतो, ‘पाण्यावरचं पुस्तक द्या.’ दोन-चार प्रश्न विचारले की कळतं, त्याला हवी आहे त्याच्या तालुक्यातल्या भूजलाची आकडेवारी. ती पुस्तकात नसते, सरकारी अहवालात असते. तो अहवाल कुठे मिळेल आणि त्यातला आकडा किती जुना आहे, हे त्याला दाखवावं लागतं. म्हणूनच ‘आमची फार अबोल आहे, हिला ग्रंथालय बरं’ हा विचार मला पटत नाही. इथं माणसांशी बोलता यावं लागतं, आणि चिकाटी लागते. वाचकाला असं महत्त्व देणं नवं नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतही पुस्तकाइतकाच वाचक महत्त्वाचा आहे.

शिक्षणाची वाट सरळ आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर बी.लिब., मग एम.लिब. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर पुढे नेट किंवा सेट परीक्षा.

आता पैशांचं. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळतं, पण तिथल्या मानधनावर घर चालणं कठीण. महाविद्यालयात वेतनश्रेणी चांगली, मात्र जागा निघायला वर्षं लागतात. हे लपवून मी तुमच्या मुलीला या वाटेवर बोलावणार नाही. पण याच शिक्षणावर संशोधन संस्था, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, वकिलांच्या मोठ्या कचेऱ्या, कंपन्यांचे दस्तऐवज विभाग इथंही काम मिळतं. जुनी हस्तलिखितं, दप्तरं स्कॅन करून त्यांची नीट नोंद ठेवणारी माणसं हवीच आहेत, आणि मोडी लिपी वाचता येणारी मुलगी तिथं फार मोलाची ठरते. माझं मत विचाराल तर तिनं मोडी आणि संगणक दोन्ही शिकावं.

फी भरण्याआधी एक करा. ओळखीच्या ग्रंथपालांना विनंती करून सुट्टीत तिला काही दिवस संदर्भ विभागात बसू द्या. घरी आल्यावर, आज कोणी काय विचारलं आणि ते कसं सापडलं, एवढंच तिला विचारा. सांगताना ती रंगून गेली, तर प्रवेश अर्जावर सही करायला मागेपुढे पाहू नका.