मेंदूची इजा आणि विद्यार्थ्याचे पुनःशिक्षण

भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे) या डोंगराळ तालुक्यांत झाडावरून पडणे, घाटरस्त्यावरील दुचाकीचा अपघात, क्वचित मेंदूज्वर अशा कारणांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या मेंदूस इजा होते. काही महिन्यांनी तो शाळेत परततो तेव्हा जखम भरलेली असते. परंतु अक्षर वेडेवाकडे येते, शब्द ओठांवर अडतो आणि दुपारनंतर तो मान टाकून बसतो. 'पोर आळशी झाले' असा निष्कर्ष मग घाईने काढला जातो. वस्तुतः तो थकवा इजेचाच भाग होय.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मेलेली पेशी सहसा पुन्हा उत्पन्न होत नाही. तथापि पेशींमधील जोडण्या जन्मभर बदलत राहतात. इजेनंतर प्रथम सूज ओसरते व काही शक्ती आपोआप परतते. पुढे शाबूत राहिलेले भाग गेलेल्या भागाचे काम थोडेबहुत उचलू लागतात. दरड कोसळून वरंधा घाट बंद झाला म्हणजे वाहतूक दुसऱ्या वाटेने वळते, तसेच हे आहे. मात्र नवी वाट रहदारीवाचून रुळत नाही, आणि येथेच शिक्षकाचे काम सुरू होते.

सराव ज्या कामाचा, सुधारणा मुख्यतः त्याच कामात होते. लेखन परत यावयाचे असेल तर नुसते बोटांचे व्यायाम पुरत नाहीत, लिहावेच लागते. दहा मिनिटे लेखन, मग विश्रांती, मग पुन्हा दहा मिनिटे, हा क्रम सलग तासाहून बरा. दुबळा हात वापरला नाही तर तो न वापरण्याचीच सवय जडते, असे एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले. म्हणून पाटी धरणे, खडू देणे ही लहान कामे त्या हाताला द्यावीत.

वाचेचे स्थान बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूस असते. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये त्याचा पहिला भक्कम पुरावा मांडला. ज्याला 'पाटी' हा शब्द सापडत नाही, तो मूलगा पाढे किंवा प्रार्थना कित्येकदा सुरात अडखळल्यावाचून म्हणतो. हे ढोंग नव्हे. पाठ झालेल्या ओळी मेंदू निराळ्या रीतीने चालवितो. त्या सुराचा आधार घेऊन एकेक शब्द बोलता करावा, आणि उत्तरासाठी थांबावे. वर्गाला हसू देऊ नये, हे सांगणे नलगे.

अशी मुले शिकू शकतात, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. जन्माच्या सुमारास मेंदूस इजा होऊन अवयव ताठर झालेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत विशेष शाळा काढली. पुढे त्याच संस्थेने या मुलांना सामान्य शाळांत नेण्याचा आग्रह धरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही तो हक्क मान्य केला आहे.

बालवयात मेंदू लवचिक असतो खरा, पण त्यावर विसंबणे धोक्याचे. दुसरीत बरा वाटलेला मुलगा सहावीत, जेथे स्वतः योजना करून अभ्यास करावा लागतो तेथे, अडखळू शकतो. यास्तव इजेची नोंद पुढील वर्गशिक्षकाकडे अवश्य द्यावी.

डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा ग्लानी आली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. फेफरे आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, चप्पल वा कांदा हुंगवू नये. झटके पाच मिनिटांत न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.