दशांशचिन्हाची जबाबदारी

शेगाव



१०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या चिरंजीव भाच्याने सहकाऱ्यांसह तातडीच्या उपचारांची खिशात मावणारी मराठी संदर्भपुस्तिका स्वतः छापून विकण्याचे ठरवले आहे, हा विचार योग्यच आहे. कारण २०१४ साली ९३७ वाहनांनिशी महाराष्ट्रात सुरू झालेल्या या सेवेत डॉक्टर गाडीतच असला, तरी धावत्या गाडीत जाड ग्रंथ चाळण्याइतकी उसंत कोणालाच नसते. लहान आकाराचे पुस्तक शेगावच्या वाचकाला नवे नाही. गजानन महाराजांची एकवीस अध्यायांची पोथीही येथे खिशात घेऊन हिंडणारे भाविक आहेत.

पुस्तिकेत सर्व काही घालण्याचा मोह मात्र टाळावा. विदर्भात गाडीला वारंवार जे भेटते ते आधी घ्यावे: नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचा दंश, कापसावरील फवारणीतून होणारी विषबाधा, आणि महाराजांच्या प्रगटदिनाच्या उत्सवात शेगावच्या गर्दीत अचानक कोसळणारा वृद्ध वारकरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे येथील कोणी विसरलेले नाही. अशा प्रसंगांच्या स्वतःच्या नोंदीही ठेवाव्यात. छोट्या गावातून केलेली नोंद वैद्यकाला उपयोगी पडते, याचा दाखला डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा आहे. कोकणात काम करताना विंचूदंशाविषयी त्यांनी केलेली निरीक्षणे १९८२ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने त्या दंशाच्या उपचाराची दिशा बदलली.

सर्वाधिक काळजी मात्रेच्या आकड्यांची घ्यावी. तीव्र ॲलर्जीत प्रौढाच्या स्नायूत ॲड्रेनलिनची ०.५ मिलिग्रॅम मात्रा देतात. छपाईत टिंब उडाले तर ती दहापट होते. म्हणून दशांशचिन्हापूर्वी शून्य अवश्य लिहावे, पण १.० असे कधीही लिहू नये, कारण टिंब पुसट झाले की ते १० वाचले जाते. मायक्रोग्रॅम हा शब्दही संक्षेप न करता पूर्ण लिहावा. देवनागरी १ आणि ९ बारीक टाइपात सारखे भासतात, त्यामुळे मात्रांचे तक्ते मोठ्या टाइपात घ्यावेत आणि मुद्रितशोधन, म्हणजे छापण्यापूर्वी प्रूफ मूळ मजकुराशी ताडून पाहण्याचे काम, दोघांनी स्वतंत्रपणे करावे. अशा पुस्तकात एका टिंबाची चूक चुकीच्या उपचाराइतकीच गंभीर असते, म्हणून औषधांच्या प्रत्येक पानाची तज्ज्ञ डॉक्टरकडून तपासणी झाल्याशिवाय ते छापखान्यात जाऊ नये.

ज्ञानही जुने होते. हृदय बंद पडल्यावर आधी श्वासमार्ग पाहण्याचा क्रम २०१० मध्ये बदलून छाती दाबणे प्रथम आले, आणि दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा, अशी वरची मर्यादा २०१५ मध्ये ठरली. म्हणून मुखपृष्ठावर आवृत्तीचे वर्ष ठळक असावे, आणि आवृत्ती (मजकूर तपासून केलेली नवी छपाई) व पुनर्मुद्रण (जुन्याच मजकुराची पुन्हा छपाई) यांची गल्लत करू नये. पहिली छपाई थोडीच करावी. साठलेले जुने पुस्तक स्वस्तात काढावे लागले, तर ते कोणाच्या तरी हातात जुनी मात्रा देते.

व्यवहाराचे थोडके सांगणे पुरे. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने, बहुधा १६. म्हणून पुस्तिका ६४ पृष्ठांची ठेवली तर कागद वाया जात नाही. पुस्तकाची जगभरची ओळख असलेला आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो, आणि १९५४ च्या कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर सामान्यतः मालकाचा हक्क असतो, म्हणून लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि कोणाही रुग्णाची ओळख पटेल असे काही छापू नये.

पहिले प्रूफ शेगावला पाठवावे. मामाचे डोळे अजून शाबूत आहेत.