जुना ट्रॅक्टर कुठे राबला?

जुन्या ट्रॅक्टरचा भाव वयावरून ठरवायची पद्धत सगळीकडे आहे आणि बहुतेक वेळा ती घेणाऱ्याच्या अंगलट येते. बारा वर्षांचा एखादा ट्रॅक्टर आठ वर्षांच्या ट्रॅक्टरपेक्षा धडधाकट निघतो, कारण यंत्र कामाने झिजते, आणि काम कोणते होते त्यावर कोणता भाग आधी जाणार हे ठरते. म्हैसूर जिल्ह्यात हे स्वच्छ दिसते. कावेरी आणि कबिनीच्या कालव्यांखाली टी. नरसीपूर, के. आर. नगर आणि नंजनगूडकडे भाताची खाचरे आहेत. हुणसूर, पिरियापट्टण, एच. डी. कोटे या बाजूला लाल, हलकी जमीन. तिच्यात तंबाखू, नाचणी, मका. शिवाय विटा, ऊस, तंबाखूच्या भट्ट्यांचे सरपण ओढणाऱ्या ट्रॉल्या सगळीकडे. तेव्हा एकाच मॉडेलचे, एकाच साली घेतलेले तीन ट्रॅक्टर या जिल्ह्यात विकायला आले तर ती तीन वेगळी यंत्रे समजावीत.

यांत सर्वांत फसवा ट्रॅक्टर खाचरातला. चिखलणी करताना मागच्या चाकांना लोखंडी केज व्हील लागतात आणि एक्सलचे हब तासन् तास चिखलपाण्यात फिरतात. ऑइल सील थोडे जरी झिजले असले तरी पाणी आत शिरते. बऱ्याच मॉडेलांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, म्हणजे सीलमधून शिरलेले पाणी शेवटी हायड्रॉलिक पंपापर्यंत पोचते. बेअरिंगवर गंज चढतो, पण तो बाहेरून दिसत नाही. इंजिन मात्र अशा ट्रॅक्टरचे बऱ्याचदा चांगले असते, आणि घेणारा नेमका इंजिनचा आवाज ऐकून खूश होतो. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात किंवा कोकणात जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही हेच लागू आहे.

यावर एक साधी परीक्षा आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना, सकाळी सुरू करण्याआधी, गिअरबॉक्सच्या तळाचा ड्रेन प्लग पूर्ण न काढता हळूहळू सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसलेले असते. पहिले थेंब पाण्याचे आले आणि मागून तेल आले, तर सील गेले आहेत. तेल आणि पाणी घुसळून एकजीव झाले असेल तर पाणी वेगळे पडत नाही. मग डिपस्टिकवरचे तेल दुधाळ, चहासारखे दिसते. मालक प्लगला हात लावू देत नसेल तर सौदा तिथेच थांबवायला हरकत नाही. याउलट दहा-बारा वर्षांच्या गिअरबॉक्समध्ये तेल अगदी कोरे, नितळ दिसले तर ते कधी बदलले आणि आत्ताच का, हे विचारावे. नरसीपूरकडच्या एका सौद्यात असेच कोरे तेल पाहून घेणाऱ्याने निर्धास्तपणे इसार दिला होता. पहिल्याच चिखलणीत त्या तेलाचा चहा झाला आणि मागचे दोन्ही हब खोलावे लागले.

जुन्या मॉडेलांतले ड्राय डिस्क ब्रेक हाही खाचरातला कच्चा दुवा. हबमधून गळलेले तेल आणि बाहेरचा चिखल दोन्ही लायनरवर जातात. ज्याला पुढेही चिखलणीच करायची आहे त्याने तेलात बुडालेले ब्रेक असलेले मॉडेल शोधावे, चार पैसे जास्त गेले तरी.

लाल मातीतल्या ट्रॅक्टरचे दुखणे धुळीचे. एअर क्लीनर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवावे. बोटाला लाल भुकटी लागली तर इंजिन कित्येक हंगाम माती खात आले आहे. लायनर आणि रिंगा झिजल्याची खूण ब्रीदर पाइपवर मिळते: इंजिन तापल्यावर तिथून धूर भसाभस येत असेल तर इंजिनकाम जवळ आले. ट्रॉली ओढलेल्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक आणि पीटीओ जवळजवळ नवे असतात. क्लच, ब्रेक, पुढचा एक्सल आणि किंगपिनचे बुश झिजलेले असतात. मागच्या ड्रॉबारचे भोक गोल राहिले आहे की लांबट झाले आहे, एवढे पाहिले तरी किती ओढले याचा अंदाज येतो. अवर मीटरवर विसंबू नये. जुन्या मॉडेलांत तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, घड्याळाच्या तासांवर नव्हे. शिवाय बंद पडलेला किंवा बदललेला मीटर ही रोजची गोष्ट आहे.

पाहायला केव्हा जावे, यालाही महत्त्व आहे. खंडेनवमीला म्हैसूरकडे आयुधपूजा असते. त्या दिवशी जिल्ह्यातला एकूण एक ट्रॅक्टर धुऊन, पुसून, झेंडूच्या माळा घालून उभा असतो. पुढचे आठ दिवस कोणताच ट्रॅक्टर गळत नाही! धूळ बसून तेलाचे ओघळ पुन्हा उमटेपर्यंत थांबावे. सकाळी जावे आणि आधी इंजिनला हात लावून पाहावा. ते गार हवे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर थंड असताना सुरू होण्याचा त्रास झाकला जातो. सुरू झाल्यावर क्षणभर पांढरा धूर चालतो. तो तसाच राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशनकडे पाहावे लागेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर ओझ्याखाली थोडा येणारच, पण रिकाम्या ट्रॅक्टरला येत असेल तर पंप किंवा नोझल बिघडले आहेत, नाहीतर एअर क्लीनर चोंदला आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाची साय असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडचाच प्रश्न.

हायड्रॉलिकला जड अवजार लावून उचलावे आणि इंजिन बंद करून बाजूला गप्पा माराव्यात. दहा-पंधरा मिनिटांत अवजार जमिनीला टेकले तर सिलिंडरची रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. त्या वेळी अवजाराखाली हात-पाय घालू नये. मग मागचे चाक जॅकवर घेऊन हलवावे, पुढचेही. टायरची नक्षी सगळेच पाहतात. रिम मात्र कोणी पाहत नाही. चाकांत वजनासाठी पाणी भरायची पद्धत आहे आणि ते पाणी वर्षानुवर्षे रिम आतून खाते. गंज सर्वांत आधी व्हॉल्व्हच्या भोकाभोवती फुटतो.

यंत्र पसंत पडले तरी इसार देण्याआधी कागद पाहावेत. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनचा क्रमांक आर.सी.शी जुळवावा, इंजिन बदललेले असणे गुन्हा नाही, पण त्याची नोंद नसणे त्रासाचे आहे. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्राबरोबर फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो. पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १० वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात काढावाच लागतो, ही अफवा आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेच ती खोडून काढली आहे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि ती बहुधा झालेलीच नसते. म्हैसूरचा ट्रॅक्टर कोल्हापूर-सांगलीकडे न्यायचा असेल तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हाती घ्यावी. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे वाहन तिथे पुन्हा नोंदवावे लागते. विकणाऱ्यानेही नाव बदलल्याशिवाय चैन पडू देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे, की आर.सी.वर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग वाहन प्रत्यक्षात कितीही हात फिरलेले असो.

कोणता ट्रॅक्टर घ्यावा याचे उत्तर शेतकरी अश्वशक्तीत शोधतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ते सुट्या भागांच्या दुकानात शोधावे. मॅसी फर्ग्युसन १०३५ ला चेन्नईच्या सिम्प्सनचे इंजिन आहे, महिंद्राचे २७५ गावोगाव आहेत. यांचे भाग आणि मिस्त्री दोन्ही तालुक्याला मिळतात. एचएमटीचे तसे नाही. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या बनावटीवर २५ अश्वशक्तीचे २५११ निघू लागले. दणकट, साधे, आजही चालणारे. पण केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. म्हैसूरला चेक यंत्र आणि बंद कारखाना ही जोडी नवी नाही: १९६१ पासून इथे जावा आणि पुढे येझदी मोटरसायकली बनवणारा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी त्या गाड्या जपणाऱ्यांनी भाग मिळवले, बनवून घेतले. एचएमटीचेही तसे करता येते, मात्र हौशी माणसाला वेळ असतो. चिखलणीच्या दिवसांत गिअरसाठी तीन आठवडे थांबणाऱ्याचा हंगाम जातो. मॉडेलची खरी ताकद आणि डिझेलचा खप पाहायचा तर मध्य प्रदेशातल्या बुधनी येथील सरकारी चाचणी संस्थेचे अहवाल आहेत. शोरूमच्या पत्रकापेक्षा ते जास्त भरवशाचे.

भाव करताना इंजिनकाम, क्लच आणि मागच्या टायरांची जोडी यांचे आजचे दर स्थानिक मिस्त्रीकडून आधी लिहून घ्यावेत आणि जे लागणार असेल ते वजा करावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरचे टायर व सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. नव्याचा भाव उतरला तेव्हा जुन्याचाही उतरायला हवा. विकणाऱ्याला याची आठवण करून द्यावी लागते. आणि वर्षाला थोड्याच दिवसांचे काम असेल तर कर्नाटक सरकारच्या ‘कृषी यंत्रधारे’ भाडे-केंद्राचा दर विचारून मगच ट्रॅक्टर घ्यायचा की नाही ते ठरवावे.

घरी आणलेल्या ट्रॅक्टरची पहिली गोष्ट म्हणजे सगळी तेले आणि फिल्टर बदलणे, मालकाने काहीही सांगितले असले तरी. ती तारीख आणि तास वहीत लिहिले की तिथून हिशेब सुरू होतो. इंजिन ऑइल बहुतेक पुस्तिकांत २५० तासांनी बदलायला सांगतात. झिजलेल्या इंजिनाला त्याआधी बदललेले बरे. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी आणि तळाला गाळ साचला की तेल टाकून द्यावे. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने टाकीत पाणी धरत नाही. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. त्याच्या क्षारांचे थर आत बसतात आणि इंजिन तापू लागते. तापू लागले की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. हा उपाय अघोरी आहे: इंजिन कायम गार राहते, डिझेल पुरते जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते आणि लायनर लवकर झिजतात.

चिखलणीच्या दिवसांत पुढच्या हबला आणि किंगपिनला रोज संध्याकाळी ग्रीस मारावे, जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत. त्याबरोबर पाणीही बाहेर ढकलले जाते. हंगाम संपला की वर सांगितलेली ड्रेन प्लगची परीक्षा आपल्याच ट्रॅक्टरवर करावी. पाणी निघाले तर पाणी काढून टाकून भागत नाही. तेल आणि सील दोन्ही बदलावे लागतात.

खाचरातला खरा धोका वेगळाच आहे. ट्रॅक्टर रुतला की मागच्या चाकांना आडवे लाकूड बांधून बाहेर काढायची युक्ती खेड्यापाड्यांत चालते. लाकूड रुतले की चाक फिरू शकत नाही, मग चाकाऐवजी अख्खा ट्रॅक्टर एक्सलभोवती फिरतो, पुढची चाके उचलली जातात आणि क्षणात तो चालकावर उलटा पडतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरांना चालकावर संरक्षक सांगाडा नसतोच. रुतलेला ट्रॅक्टर मागे, रिव्हर्समध्ये काढावा; जमले नाही तर अवजार सोडवून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा, आणि साखळी ड्रॉबारलाच अडकवावी, टॉप लिंकच्या जागी कधीही नाही. रस्त्यावर येताना डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले कडीने जोडून घ्यावीत. शेतात वळायला सोयीची असलेली सुटी पेडले रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर उलटवतात.

केव्हा थांबायचे, हा हिशेब भावनेने चुकतो. लायनर-पिस्टन कितीदाही बदलता येतात, पण क्रँक दर वेळी घासून बारीक होतो आणि शेवटच्या मापाच्या पुढे बेअरिंग मिळत नाहीत. गिअरबॉक्सच्या घराला तडा गेला असेल तर वेल्डिंग फार दिवस टिकत नाही. ही दोन कामे एकदम निघाली तर ट्रॅक्टर अख्खा विकण्यापेक्षा टायर, हायड्रॉलिक, पंप आणि पुढचा एक्सल वेगवेगळे विकून जास्त पैसे हाती येतात. तसे करताना आरटीओकडे नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर मोडून टाकलेला ट्रॅक्टर कागदावर चालूच राहतो.