दिव्यांची तार संपते तिथे

थायलंडमध्ये चिआंग माईच्या उत्तरेला साधारण ७५ किलोमीटरवर चिआंग दाओची गुहा आहे. देवदर्शन आणि निसर्ग एकाच फेरीत उरकतात, म्हणून सहलवाल्यांच्या यादीत ती असतेच. आमच्या कागदावर नुसतं ‘गुहा-मंदिर’ लिहिलं होतं. ते वाचून सत्तरीतली मावशी धरून चालली की कार्ल्यासारखंच काहीतरी असणार.

तसं ते नाही. आपली लेणी माणसानं बसाल्टात खोदली. जमीन सपाट, छत मापात. ही गुहा पाण्यानं चुनखडी विरघळवून केली, आणि पाणी काही माणसाची उंची बघून वाट काढत नाही.

सुरुवातीला हे जाणवतच नाही. बाहेर माशांचं तळं, मुळ्या-वनौषधी विकणारे. आत बुद्धमूर्ती, उदबत्त्या, डोक्यावर विजेचे दिवे. थाम फ्रा नोन (३६० मीटर) आणि थाम सुआ दाओ (५४० मीटर) हा सगळा भाग उजेडातला. पहुडलेल्या बुद्धापुढे मावशी हात जोडून निवांत उभी होती. पुढे तार संपते आणि गावातली माणसं कंदील घेऊन भेटतात. थाम मा ही ७३५ मीटरची वाट त्यांच्याशिवाय करायचीच नाही.

“थोडं वाकावं लागतं,” एवढंच आमच्या सहलीचा माणूस म्हणाला. “अगं, वाकायला काय होतंय मला?” म्हणून मावशी निघालीच. एका वळणावर कमरेएवढं भोक आलं, खाली ओली माती. ती गुडघ्यांवर बसली आणि उठेचना. चष्म्यावर वाफ धरलेली, मागे दुसरा गट दाटलेला. कंदीलवाल्या बाईनं कंदील दगडावर ठेवला, मागच्यांना हातानंच भिंतीला चिकटायला लावलं आणि मावशीच्या काखेत हात घालून तिला उलट्या पावली बाहेर काढलं. नंतर गुडघा आठवडाभर सुजलेला.

तेव्हा गुडघे, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तार संपते तिथूनच फिरा. बहुतेक मूर्ती उजेडातच आहेत, चुकत काही नाही. इतरांनी पकड असलेले बूट घालावेत, खांदे-गुडघे झाकावेत. कंदिलाचे पैसे माणशी की गटामागे, ते आधीच बोलून घ्या. लवणस्तंभांना हात लावू नका. हाताचं तेल बसलं की त्यांची वाढ थांबते. गाइडनं ‘हा हत्ती, ही कमळं’ दाखवली तरी लांबूनच बघा. (निम्मे हत्ती मला दिसले नाहीत.)

पावसाळ्यात अंधाऱ्या भागाचं नावच काढू नका. चिआंग राई प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ला १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले. शेवटचा गट १० जुलैला बाहेर आला. पाणी उपसण्याच्या सल्ल्यासाठी आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे गेले होते. तीही चुनखडीचीच गुहा. फेब्रुवारीपासून शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, डोंगरच दिसत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.

स्वतंत्र जाणार असाल तर चिआंग माईच्या चांग फुएक स्थानकावरून बस मिळते, पण ती गावात सोडते. गुहा तिथून पाचेक किलोमीटर. जाताना केलेली गाडी थांबवूनच ठेवा.