लॅटिनचे गृहाध्ययन आणि मराठी भाषक

बंगळुरूत घरी बसून लॅटिन शिकू पाहणारा मराठी भाषक बहुधा इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा आश्रय घेतो. या आश्रयाची किंमत त्याला वाक्यरचनेच्या प्रांतात मोजावी लागते. ‘होमिनेम कानिस मोर्देत’ हे तीन शब्दांचे वाक्य घ्यावे. इंग्रजीच्या सवयीने पहिला शब्द कर्ता मानला, तर माणूस कुत्र्याला चावतो असा विपरीत अर्थ निघतो. तेच वाक्य शब्दामागून शब्द मराठीत ठेवले की ‘माणसाला कुत्रा चावतो’ हा यथार्थ अर्थ अनायासे हाती येतो. लॅटिन गद्यात क्रियापद पुष्कळदा शेवटी येते. मराठीत आणि भोवतालच्या कन्नडमध्येही त्याची जागा तीच आहे. मग मधल्या इंग्रजीचा वळसा कशासाठी?

अर्थात एका ठिकाणी मराठीही फसवते. ‘शेतकरी झाड पाहतो’ या वाक्यात कर्माला प्रत्यय नाही. लॅटिनमध्ये मात्र ‘आर्बोर’चे ‘आर्बोरेम’ करावेच लागते.

शब्दसंग्रहाबाबत शब्दांच्या नुसत्या याद्या पाठ करणे निष्फळ होय. लॅटिन कोश ‘होमो’च्या शेजारी ‘होमिनिस’ हे षष्ठीचे रूप देतो, कारण पुढील प्रत्यय ‘होमिन्’ या अंगाला लागतात. हे सामान्यरूपासारखेच आहे: ‘माणूस’ ठाऊक असून ‘माणसा-’ ठाऊक नसेल, तर ‘माणसाला’ म्हणता येणार नाही. म्हणून प्रत्येक नाम जोडीनेच वहीत उतरवावे. देन्स-देन्तिसजवळ ‘दन्त’ आणि पेस-पेदिसजवळ ‘पद’ लिहिल्यास ही अंगे परकी वाटत नाहीत. पोर्तुगीजमार्गे आलेले ‘पाव’, ‘चावी’ आणि ‘पाद्री’ हे शब्दही मूळचे लॅटिन घराण्यातले. त्यांतील ‘पाद्री’ तर ‘पाते’र’चा, म्हणजे आपल्या ‘पित्या’चाच सगोत्र. याच वाटेने उलट दिशेने फादर थॉमस स्टीफन्स गेले होते. 1640 साली रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या कोकणीच्या व्याकरणाची चौकट लॅटिन व्याकरणाची आहे.

बंगळुरूकराला याखेरीज एक पाठशाळा उपलब्ध आहे. हैदर अलीने 1760 मध्ये आरंभिलेल्या लालबागेत झाडांवर लावलेल्या नामपट्ट्या वाचाव्यात. आंब्याचे नाव ‘मांगिफेरा इंडिका’. त्यातील ‘फेर्’ हा संस्कृत ‘भृ’ धातूचा भाऊबंद, म्हणून अर्थ ‘आंबे धारण करणारी’. पिंपळ ‘फिकुस रेलिगिओसा’ आहे, ‘रेलिगिओसुस’ नव्हे. ‘उस’ हा अंत पाहून नवशिक्या शब्द पुल्लिंगी ठरवतो, परंतु लॅटिनमध्ये वृक्षनामे बहुधा स्त्रीलिंगी असतात आणि विशेषण अंत्याक्षराकडे न पाहता लिंगाकडे पाहते. मराठीत ‘मोठा हत्ती’ पण ‘मोठी पेटी’ म्हणणाऱ्याला हे नवे वाटू नये. मात्र विशेषण येथे नामानंतर येते, हे ध्यानी ठेवावे.

चंदनाचे नाव ‘सान्तालुम आल्बुम’. हा ‘सान्तालुम’ ग्रीकमार्गे गेलेला आपला ‘चन्दन’च, तेथेही तो नपुंसकलिंगीच राहिला. संस्कृत ‘चन्दनम्’प्रमाणे त्याची प्रथमा आणि द्वितीया एकच आहेत. त्यामुळे अशा शब्दाचे वाक्यातील स्थान केवळ रूपावरून ठरत नाही. क्रियापदाचे वचन, शेजारचे नाम आणि संदर्भ हे तिन्ही तपासूनच पुढे जावे लागते.