व्यसन : दोष कीं दुखणें ?

'व्यसन' हा शब्द आज आपण दारू, तंबाखू, गांजा अशा पदार्थांच्या संबंधांत वापरतों. परंतु संस्कृतांत त्याचा एक जुना अर्थ 'संकट' असा आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें टाळावयाच्या व्यसनांची जी यादी दिली आहे, तींत मद्यपानाच्या जोडीला शिकार, द्यूत, दिवसा झोपणें आणि उगाच भटकणें हींही घातलीं आहेत. म्हणजे पदार्थ पोटांत जावो अगर न जावो, मनुष्याच्या इच्छेवर जें स्वार होतें तें व्यसन, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे. पवित्र शास्त्रांत नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटीं मद्यप्याचें जें चित्र आहे, तें तर एखाद्या आधुनिक वैद्याच्या टिपणांत शोभावें : अंगावर मार बसलेला त्यास कळत नाहीं, आणि शुद्ध येतांच मन पुन्हा पेल्याकडेच धांवतें. अपाय डोळ्यांपुढें असूनही परत तिकडेच वळणें, हेंच व्यसनाचें मुख्य लक्षण होय, असें आजचें वैद्यकशास्त्र मानतें.

पुण्यानें ह्या शत्रूशीं पुष्कळ काळ झुंज दिली आहे. महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं शहरांतील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढारीपणाखालीं स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यांपुढें उभे राहिले. परंतु ह्या चळवळींचा रोख दुकानावर होता. जो आधींच बुडाला आहे त्यास वर कसें काढावें, ह्या प्रश्नाकडे शास्त्राची दृष्टि बरीच उशिरां वळली. कारण तो रोगी आहे हेंच समाजाला पटत नव्हतें.

हें पटण्यास प्रयोगशाळेची मदत झाली. १९५४ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर ह्या दोघां संशोधकांनीं उंदरांच्या मेंदूंत एक बारीक तार बसविली. पिंजऱ्यांतील दांडी दाबली कीं मेंदूच्या एका ठराविक भागास विजेचा सौम्य स्पर्श होई. पुढील प्रयोगांत असे उंदीर तासाला हजारांहून अधिक वेळां दांडी दाबूं लागले. समोरच्या अन्नाचेंही त्यांना भान राहिलें नाहीं. मेंदूंत सुखाची व ओढीची वाट असते आणि डोपामीन नांवाचें द्रव्य त्या वाटेवर काम करतें, हें पुढें उलगडत गेलें. भूक भागली कीं ही यंत्रणा आपल्याला शाबासकी देते, म्हणून तर प्राणी जगतो. दारू, अफू व तंबाखू ही शाबासकी कष्टावांचून देतात. कालांतरानें मेंदू त्या चढलेल्या मापालाच नित्याचें माप समजूं लागतो. मग मनुष्य सुखासाठीं पीत नाहीं; न प्यालें तर जें दुःख होतें तें टाळण्यासाठीं पितो. "मनावर घेतलें तर सोडेल" असें आपण ज्याच्याविषयीं म्हणतों, त्याचें तें मनच आजारी पडलेलें असतें.

तथापि सारा दोष मेंदूच्या माथीं मारणेंही बरोबर नाहीं. व्हिएटनामच्या युद्धांत गेलेल्या अमेरिकन शिपायांपैकीं सुमारें पांचांत एकास तेथें अफूजन्य पदार्थांचें व्यसन जडलें होतें. हे सर्व जण रोगी म्हणूनच परत येतील अशी भीति होती. ली रॉबिन्स ह्या विदुषीनें १९७१ सालीं परतलेल्या शिपायांची पुढें चौकशी केली, तेव्हां असें आढळलें कीं, घरीं आल्यावर पहिल्या वर्षांत त्यांतील दहांत एकालाही तें व्यसन पुन्हा जडलें नव्हतें. स्थळ बदललें, सोबती बदलले, भय व रिकामपण गेलें. आपल्या मुळशी तालुक्यांत ह्याच्या उलट घडलेलें पुष्कळांनीं पाहिलें आहे. धरणानें एका पिढीची जमीन नेली. पुढें पुणें शहर वाढत वाढत पिरंगुट-पौडपर्यंत आलें व दुसऱ्या पिढीनें जमीन विकली. हातांत एकदम पैसा आला आणि सकाळीं उठून जावयाचें शेत उरलें नाहीं. अशा घरांत बाटलीला शिरावयास दार ठोठवावें लागत नाहीं.

आतां उपचारांकडे वळूं. येथें पालकांनीं दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवाव्या अशा आहेत. पहिली, रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसास खोलींत कोंडून दारू एकदम बंद करणें जिवावर बेतूं शकतें. दोन-तीन दिवसांत हातपाय कांपणें, झटके येणें, भलतेंसलतें दिसणें, वात होणें असे प्रकार होतात. म्हणून हे पहिले दिवस वैद्याच्या देखरेखीखालींच जावेत. दुसरी गोष्ट चहांत गुपचूप घालावयाच्या औषधाची. डेन्मार्कांतील हाल्ड व याकोबसेन हे संशोधक जंतांवरील एका औषधाचा प्रयोग स्वतःवर करीत होते. तें घेतल्यावर थोडें मद्य घेतांच चेहरा लाल होऊन छाती धडधडूं लागली. तेंच डायसल्फिरम. रोग्याच्या संमतीनें व डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्याचा उपयोग होतो. परंतु नकळत दिलें आणि वर तो भरपूर प्याला, तर प्राणसंकट ओढवतें. नवऱ्यासाठीं अशा पुड्या आणणाऱ्या स्त्रीची हतबलता मी समजूं शकतों. पुडी विकणाऱ्यास मात्र क्षमा नाहीं.

पुडीवाला सांगतो, "माझ्या औषधानें शंभर माणसें सुधारलीं." तें खोटेंच असेल असें नाहीं. मग तें औषध खरें कीं नाहीं हें ओळखावें कसें ? ह्याचें उत्तम उदाहरण शेजारच्या गोव्यांत घडलें आहे. 'संगाथ' ह्या संस्थेनें डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आदि संशोधकांच्या देखरेखीखालीं तेथील दहा सरकारी आरोग्यकेंद्रांत एक प्रयोग केला. २०१३ ते २०१५ ह्या काळांत अपायकारक प्रमाणांत पिणारे ३७७ पुरुष निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे, म्हणजे कोणाच्याही मर्जीनें नव्हे, त्यांचे दोन गट पाडले. एका गटास नेहमींचा वैद्यकीय सल्ला दिला. दुसऱ्यास त्या सल्ल्याशिवाय जास्तींत जास्त चार बैठकांचें समुपदेशन दिलें. समुपदेशक डॉक्टर नव्हते; मानसोपचाराचें पूर्वशिक्षण नसलेल्या साध्या माणसांस शिकवून तयार केलें होतें. उपदेश किंवा धमकी न देतां, रोग्याच्या तोंडून त्याचीं स्वतःचीं कारणें काढून घेणें ही त्यांची रीत.

तीन महिन्यांनीं पाहिलें तेव्हां समुपदेशन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३६ जण धोक्याच्या मर्यादेखालीं आले होते; दुसऱ्या गटांत शेंकडा २६. मागील पंधरवड्यांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटांत शेंकडा ४२, दुसऱ्यांत १८. विद्यार्थ्यांनो, येथें तो २६ चा आंकडा विसरूं नका. विशेष कांहीं न करतांही शंभरांत सव्वीस सुधारले ! पुडीवाल्याचे शंभर हे ह्या सव्विसांतलेच असूं शकतील. तुलनेचा गट नसेल तर यश कोणाचें हें कधींच कळणार नाहीं. बुवाच्या अंगाऱ्याचें आणि, स्पष्टच लिहितों, आमच्या प्रार्थनासभेंतील साक्षींचेंही तसेंच. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. परंतु मोजमाप हें निराळें काम आहे. वर्षभरानंतर पुन्हा चौकशी केली तेव्हांही समुपदेशनाच्या गटाची सरशी टिकून होती. मात्र तीन महिन्यांच्या पाहणींत एक उणें राहिलें : जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणांत, तसेंच घरांतील मारहाणींत, दोन गटांत फरक दिसला नाहीं. तें उणेंही संशोधकांनीं लपविलें नाहीं, ह्यावरून खरा अभ्यास ओळखावा.

व्यसन खोलवर रुजलें असेल तर चार बैठका पुरत नाहींत. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट ह्या दांपत्यानें पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत 'मुक्तांगण' सुरू केलें. गर्द ओढणाऱ्या तरुणांसाठीं निघालेलें हें केंद्र पुढें दारुड्यांचेंही घर झालें. साधारण पांच आठवड्यांचा निवास, आरंभीं औषधें, मग श्रम, योग, गटांतील मोकळें बोलणें, आणि व्यसनांतून सुटलेल्यांनींच नव्या रोग्याचा हात धरणें अशी तेथील पद्धति आहे. घरच्यांनाही शिकवितात, कारण पाय घसरणें हा ह्या दुखण्याचा स्वभावच आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्यास घराबाहेर काढीत नाहीं. आपल्या मावळांत कित्येकांनीं तुळशीची माळ घालून दारू सोडली, तींतही वारीची सोबत हें मोठें बळ आहे असें मला वाटतें.

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारत सरकारच्या पाहणीप्रमाणें दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता. बाकीचे सदतीस कोठें असतात, हें त्यांच्या मुलांना ठाऊक असतें. रात्रीं जागलेलीं हीं मुलें सकाळीं वर्गांत पेंगतात आणि गृहपाठ कां झाला नाहीं ह्याचें खरें कारण सांगत नाहींत. त्या मुलांना दोन शब्द : वडिलांचें पिणें तुमच्यामुळें सुरू झालें नाहीं, आणि तें थांबविणें हें तुमचें एकट्याचें काम नाहीं. शाळेंतील ज्या शिक्षकांवर तुमचा भरंवसा असेल त्यांना सांगा. तें वर्गांत फुटणार नाहीं. घरांतील मोठ्या माणसांनीं १४४४६ ह्या सरकारी दूरध्वनीवर विचारावें. त्यास पैसे पडत नाहींत.